बाजाराच्या रस्त्यावरचा बंगला

"आत्ताच्या आत्ता काच बदला, नाई तर ही उद्याच्या गाडीनं नागपूरले चालली!" साहेब फोनवर ओरडून राह्यले होते. मागून बाईंचा आवाज आला, "चाललीच समजा!"

साहेब म्हणजे अहेरीत नव्यानं बदलून आलेले अधिकारी, आणि बाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना मिळालेला बंगला इंग्रजांच्या काळातला. सागवानी चौकटी, पुरुषभर उंच खिडक्या, आणि त्या थेट आठवडी बाजाराच्या रस्त्यावर. सरकारी इमारतींची देखभाल माझ्याकडे. जुन्या चौकटींना हात लावायचा नाही असा वरून हुकूम, म्हणजे बदलायची ती फक्त काच.

आल्या आल्याच बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. "इंजिनिअरभाऊ, मले प्रायव्हसी पाहिजे. येणारा-जाणारा आत बघते. मी काय पिंजऱ्यातली वाघीण आहे? आन् पडदे नको, जीव कोंडते."

मी पिनहेड काच सुचवली. ही दाणेदार असते. उजेड येतो, चेहरा दिसत नाही. "मग मले बाहेरचं कसं दिसन?" बाई म्हणाल्या. तेव्हा मी हुशारी केली. चंद्रपूरहून रिफ्लेक्टिव्ह काच आणवली. दिवसा बाहेरून आरसा, आतून सगळं लख्ख. घरात दिवा लागला की उलटं होतं, तेव्हा पडदा ओढायचा. बाई खूश, माझी कॉलर ताठ.

पण आठवडी बाजार मी हिशेबात धरलाच नव्हता! जंगलातल्या गावांहून पायी आलेली माणसं बाजारात शिरण्याआधी जरा ठाकठीक होतात. त्यात एवढा मोठा आरसा फुकटात!

बाजाराच्या दिवशी साहेबांचा तो फोन आला, तशी गोदामातली पिनहेड काच जीपमध्ये टाकून मी पोचलो. खिडकीशी ही झुंबड. कोणी भांग पाडतंय, एक म्हातारबा मिशीला पीळ देतोय. चारोळीची टोपली घेतलेली एक बाई कुंकू नीट करत होती.

तेवढ्यात खिडकी धाडकन उघडली. मी म्हटलं, मेलो! आता शिव्या. पण बाईंना राहवलं नव्हतं. "अवं, डावीकडे गेलं तुयं कुंकू!"

टोपलीवाली दोन हात मागे उडाली. "अगे माय वं! आरसा बोलते!"

सगळा रस्ता हसला. बाईंनाही हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आलं. मग त्याच खिडकीतून चारोळीचा भाव झाला, गाव विचारून झालं, लेकरं विचारून झाली.

मी भीत भीत म्हटलं, "बाई, काच काढू?"

"खबरदार! ती तुमची दाणेदार न्हाणीघरात लावा. आल्यापासून आज पहिल्यांदा कोणाशी बोलली मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. साहेब चहा सांगायला आत गेले.

बाई पुढची बदली होईस्तोवर अहेरीतच राहिल्या. तेव्हापासून कोणी प्रायव्हसी मागितली की मी सॅम्पल काढायच्या आधी विचारतो, दिवसभर घरात बोलायला कोण असतं?