कमी झालेलंच हवंय

माझे यजमान तोफखान्यात हवालदार होते. वर्षानुवर्षं तोफांजवळ उभं राहून त्यांचे कान गेले. आधी फोनवरचं ऐकू येईना, मग माझं. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डानं अपंगत्वाचे टक्के ठरवले, त्यावर जादा पेन्शन लागली आणि पुढे लिहिलं, 'कायमस्वरूपी'.

इंदिरानगरात घर घेतल्यापासून मला फार चुकल्यासारखं व्हायचं. क्वार्टरमध्ये असताना मी स्वयंपाकघरातून बोलायचे आणि ते दाढी करता करता उत्तर द्यायचे. आता काही सांगायचं तर हात पुसून त्यांच्यासमोर उभं राहायला लागायचं. समोर जाऊन सांगण्याइतकं महत्त्वाचं त्यात काही नसायचंच. मग ते राहूनच जायचं.

गेल्या हिवाळ्यात गॅलरीत कपडे वाळत घालताना चिमटा तुटला. मी स्वतःशीच पुटपुटले, तर मागून आवाज आला, "दुसरा घे ना."

मी वळले. तेही थबकले होते. "तू चिमट्याचंच बोललीस ना?"

मी मान हलवली. त्याच आठवड्यात त्यांनी फेरतपासणीच्या अर्जाचं काढलं.

माझा धाकटा भाऊ सैन्यातच कारकून होता. तो ओझरहून धावत आला आणि कागदावर लिहून दाखवलं, 'दाजी, कायम ठरलेलं कुणी आपणहून कमी करत नाही. पण तुम्हीच तपासा म्हणालात, तर टक्के कमी होऊन पेन्शनही कमी होऊ शकते.'

ते वाचून हसले. "मग मागतोच. मला कमी झालेलंच हवंय."

"ताई, तू तरी समजाव," भाऊ म्हणाला. मी चहा ठेवायला उठले. त्यांना ऐकू येण्यात माझाही स्वार्थ होता.

तपासणीच्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. लष्करी रुग्णालयातल्या काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो बराच वेळ हललाच नाही. मग एकदम दाबला गेला आणि मी खुर्चीतून उठलेच. यंत्रापाशी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली. तेव्हा आवाज सोडलेलाच नव्हता.

नंतर बाईंनी कागदावर लिहिलं, 'काही बदल नाही. आहे तेच राहील.'

"सुटलो गं ताई!" सोबत आलेला भाऊ म्हणाला. यजमानांनी कागदाची घडी केली, खिशात घातली.

"त्या दिवशी मी ऐकलं होतं ना गं?"

"हो," मी म्हणाले. तुटका चिमटा तेव्हा माझ्या हातात त्यांना दिसत होता, हे मला माहीत होतं.

भाऊ मोटारसायकलवर पुढे गेला. आम्ही रिक्षा केली. ते बाहेर बघत बसले. मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात बोलायला लागले. भाजीला काय करू, सुनेचा फोन आला होता, तुमचा हा शर्ट आता सैल होतो... खूप दिवसांचं साठलेलं.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काय म्हणालात, मावशी?"

"काही नाही, दादा," मी म्हणाले. "तुम्ही चला."