मिलीमीटरने उलटा आखलेला डॅशबोर्ड

धक्क्यावर त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. बोटींच्या आतले सुतारकाम आणि वायरिंग करणाऱ्या या गृहस्थाने एकतीस वर्षांत स्वतःची एकही चूक कबूल केलेली नव्हती. चुका होत, नाही असे नाही. परंतु त्या लाकडाच्या असत, दमट हवेच्या असत, एकदा तर चक्क गिऱ्हाइकाच्या उंचीची होती. हा दोन आठवडे उशिरा जन्मला आणि तेव्हाही दोष त्याने कॅलेंडरलाच दिला असणार, असे त्याच्या थोरल्या बहिणीचे मत होते.

तिचे यजमान, म्हणजे याचे दाजी, अठ्ठावीस वर्षे जुनी प्रवासी लाँच चालवत. लाँचच्या डॅशबोर्डची फळी खाऱ्या पाण्याने फुगली होती आणि मीटर चिकटपट्टीच्या भरवशावर उभी होती. वार्षिक तपासणी आठवड्यावर आली होती. तपासनीस चालकाला मीटर वाचायला लावत. वाचता आली नाहीत तर सुकाणू दुसऱ्याच्या हाती जाई. मिलीमीटरने नवी फळी बसवायला घेतली.

त्याच्या काटेकोरपणानेच इथे त्याचा घात केला. करवत मशीनचे पाते वर येताना लाकडाचे टवके उडवते, म्हणून तो नवी फळी नेहमी पालथी घालून मागूनच कापत असे. त्याने ती पालथी घातली, तिच्यावर जुनी फळी उताणी ठेवली आणि सगळी भोके टोकदार पेन्सिलीने आखून घेतली. जुनीही पालथीच घालायला हवी होती. कापून झाल्यावर फळी सुलटी केली, तेव्हा डावीकडचे सारे उजवीकडे गेलेले होते. त्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिले, ‘नवी रचना’ असे तिचे नामकरण केले आणि मीटर बसवून टाकली. वायरींना नंबर दिलेले असल्याने प्रत्येक मीटर अचूक चालत होते. फक्त तेलाच्या दाबाचे डाव्या टोकावरून उजव्या टोकाला गेले होते आणि त्याच्या जागी इंजिनाच्या तापमानाचे आले होते.

तपासणीच्या दोन दिवस आधी दाजींनी इंजिन चालू केले, सवयीने डावीकडे नजर टाकली आणि लगेच बंद केले.

“तेलाचा दाब शून्य आहे.”

“दाजी, ते तापमान आहे. इंजिन गार आहे म्हणून काटा खाली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.”

“लिहिलेलं कोण वाचतं?”

“वाचून तर दाखवा.”

दाजी पुढे वाकले, मग मागे रेलले, मग समुद्रावर उत्तर लिहिलेले असावे तसे बाहेर पाहू लागले.

“त्यांना दिसत नाही,” मागच्या बाकावरून ताई म्हणाली. “पेपर मीच वाचून दाखवते. चष्म्याचं नाव काढलं की ताटावरून उठतात.”

“चष्मा लावला की लोक म्हातारा म्हणतील.”

“तसंही म्हणतातच.”

दाजींनी तिच्याकडे दुर्लक्ष करून मेहुण्याला तोडगा सुचवला. “पूर्वीसारखं करून दे. कुठे काय आहे ते मला पाठ आहे, परवा घडाघडा सांगेन. तुझंही झाकलं जाईल, माझंही.”

मोह पडावा असाच हा प्रस्ताव होता. मिलीमीटरने तो नाकारला. त्यात नीतिमत्तेचा वाटा असेलही. परंतु फळी बदलणे म्हणजे ती चुकली होती हे मान्य करणे, आणि ते त्याला अशक्य होते.

“रचना बरोबर आहे. चष्मा आणा.”

अहंकाराच्या हातून क्वचितच एखादे सत्कार्य घडते. त्यांतले हे एक.

तपासणीच्या दिवशी दाजींनी जाड चष्म्यातून सगळी मीटर बिनचूक वाचली. तपासनीस मात्र फळीकडे पाहत थबकले.

“या बांधणीच्या लाँचमध्ये तेलाचं मीटर डावीकडे असतं. बदलायला कोणी सांगितलं? चालकाने परस्पर बदल करून घेतला असेल तर मला त्यांना सुकाणूवरून उतरवावं लागेल.”

दाजींनी चष्मा काढला आणि स्वच्छच असलेल्या काचा पुसायला घेतल्या. मेहुण्याचे नाव त्यांनी घेतले नाही. ताईने भावाकडे पाहिले.

“मी केलं,” मिलीमीटर म्हणाला. “त्यांनी काही सांगितलं नव्हतं. फळी उलटी आखली गेली.” मग घसा खाकरून, “उलटी आखली मी. चुकलं माझं.”

तपासनिसांनी लिहिले: चालक योग्य, फळी महिन्याभरात पूर्ववत करावी. ते गेले.

“एवढंच?” ताई म्हणाली. “मला वाटत होतं, हा शब्द तुझ्या तोंडून निघाला की बोट बुडेल.”

“मध्ये बोलू नकोस. दोन्ही फळ्या पालथ्या,” तो स्वतःलाच बजावत म्हणाला आणि स्क्रू काढायला बसला.