नवव्या प्रकरणाचं गाव

पिंगळीला सिग्नल मिळेना म्हणून गाडी उभी राहिली तेव्हा मला जाग आली. समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "परभणी गेली की मागं." आयुष्यभर मानवशास्त्र शिकवलं, परक्या गावात डोळे उघडे ठेवून कसं वागावं याची पोरांना प्रवचनं दिली, आणि स्वतः साधं स्टेशन चुकवलं. नशीब की डबा फलाटाला लागलेला होता. बॅग आणि ते जड खोकं छातीशी धरून मी खाली उतरले, रिक्षात बसून परभणीला आले आणि मानवतची एस.टी. पकडली.

खोक्यात बक्षीस होतं. आफ्रिकेतल्या लोकांच्या अभ्यासावर लिहिलेल्या पुस्तकांसाठी परदेशातली एक संस्था दर वर्षी एक सन्मान देते. पितळी पाटी आणि तीन ओळींचं मानपत्र. आमच्या विषयात त्याला फार मान आहे. यंदा तो माझ्या विद्यार्थिनीला, सुजाताला मिळाला. ती मानवत तालुक्यातल्या एका लहान गावची. टांझानियात, एका मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला, वर्षभर एका खेड्यात राहून ती परत आली आणि महिन्याभरात तापानं गेली. ताप कसला ते डॉक्टरांना कळेपर्यंत उशीर झाला होता. तिच्या वह्यांवरून पुस्तक मी तयार केलं. मुखपृष्ठावर तिचं नाव मोठं आणि संपादक म्हणून माझं लहान. लहान असलं तरी होतं, आणि ते असावं अशी माझी इच्छाही होती. उगीच खोटं कशाला बोलू?

बसमध्ये शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खोक्यात काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आफ्रिकेच्या लोकांचा अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे त्यांना काही केल्या पटेना. लोक कसे जेवतात, कसे भांडतात, माणूस गेल्यावर काय करतात, ते लिहायचं, असं मी म्हटलं. "ते लोक बी इकडं येऊन आपल्यावर लिवतेत का?" त्यांनी विचारलं. मी हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. काळीभोर जमीन, तिच्यावर गुडघ्याच्या वर आलेला कापूस, मधूनच ज्वारीचं रान. सुजाता जिथे राहिली तिथेही काळी जमीन, कापूस आणि ज्वारीच. मला त्याचं मोठं कौतुक वाटलं. पोरगी घर सोडून गेली आणि घरासारख्याच मुलखात जाऊन राहिली, असं एक वाक्य मी भाषणासाठी मनात जुळवूनही ठेवलं.

मानवतला सुजाताचा भाऊ मिलिंद मोटरसायकल घेऊन उभा होता. तो जवळच्याच एका शाळेत शिक्षक आहे. आदल्या दिवशीच्या पावसानं रस्ता धड राहिला नव्हता. एका ठिकाणी गाडी घसरली आणि मी चिखलात बसले. खोकं मात्र वर धरलेलं. मिलिंदला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

गाव लागलं तसा सिमेंटचा सरळ रस्ता आत जाताना दिसला. दोन्ही बाजूंनी पक्की घरं, मध्ये देऊळ, पार. मिलिंदनं गाडी तिकडे न घालता डावीकडे वळवली आणि ओढ्याच्या कडेनं, पांदीनं (शेतातून जाणाऱ्या गाडीवाटेनं) अर्ध्या गावाला वळसा घालून आम्ही बौद्ध वस्तीत पोचलो. सरळ रस्ता असताना इकडून कशाला, असं मी विचारलंसुद्धा. "सवय," एवढंच तो म्हणाला. मला पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

कौसल्याबाईंनी, सुजाताच्या आईंनी, मला हात-पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःचं धुतलेलं लुगडं नेसायला दिलं आणि जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या तिखट पिठाची). मी दोनदा मागून घेतली. बाई कमी बोलणाऱ्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली सुजाताचा फोटो होता. पुण्यात ती गेली तेव्हा मी तिथे नव्हते, चर्चासत्राला गेले होते. इथे आणून माती दिली तेव्हाही आले नाही. आज पहिल्यांदा आले ते बक्षीस घेऊन, याची जेवताना लाज वाटत होती.

पाटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पदरानं पुसली आणि विचारलं, "कशापायी दिलं हे? काय लिवलं होतं तिनं?"

मानपत्रात नवव्या प्रकरणाचं खास कौतुक होतं, म्हणून मी तेच सांगायला घेतलं. तिकडे एक गाव आहे, म्हटलं. तिथल्या काही घरांतलं माणूस गेलं की प्रेत गावातल्या सरळ रस्त्यानं न्यायचं नाही. रस्त्यावर भिंत नाही की कुंपण नाही, पण लोक आपापल्या दारात येऊन उभे राहतात आणि न्यायची हिंमत होत नाही. मग ओढ्याच्या कडेनं लांबचा वळसा. एकदा भर पावसात एक म्हातारी गेली. चौघांनी तिला उचललं. ओढ्यात पाय घसरला आणि म्हातारी पाण्यात पडली. नऊ वर्षांच्या नातीनं तिच्या अंगावरचं कापड धरलं होतं. कापड हातात राहिलं, म्हातारी वाहून गेली.

मी थांबले. मला वाटलं, बाईंना वाईट वाटलं असावं.

"बाई," कौसल्याबाई म्हणाल्या, "ते लुगडं हिरवं होतं का?"

पुस्तकात हिरवंच आहे. मी बोलताना रंग सांगितला नव्हता.

"बाभळीच्या मुळ्यात गावली म्हातारी. माही सासू. सुजीनं ते लुगडं लय दिवस कुणाला धुवू दिलं न्हाई."

मिलिंदनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि उभ्या उभ्या नववं प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर तो कोणाकडेही बघेना.

झालं होतं काय, ते वाचकांना सांगायला हवं. आमच्या धंद्यात माणसांची, गावांची खरी नावं लिहीत नाहीत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून नावाऐवजी अक्षर घालतात आणि कोणतं अक्षर कोणाचं याची यादी वेगळी ठेवतात. सुजाताच्या सात वह्या माझ्याकडे आल्या, यादी सापडली नाही. सातव्या वहीच्या पुठ्ठ्यावर गाव, तारीख काहीच लिहिलेलं नव्हतं. आत तीच इंग्रजी, तीच अक्षरं, काळी माती, कापूस, ज्वारी, ओढा, मातीत पुरणं. मी ती तिकडचीच धरली. तिकडे एकटी राहत असताना तिनं घरचं आठवून लिहिलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. या घरी एक फोन केला असता तरी कळलं असतं. केला नाही. आफ्रिकेवरच्या पुस्तकाबद्दल परभणीतल्या माणसांना काय विचारायचं, असंच माझं मत होतं. शहाणी म्हणवून घेणाऱ्या बाईची ही अक्कल.

मी त्यांना हे सगळं सांगितलं आणि पुढे म्हटलं की संस्थेला कळवायला हवं. कळवलं तर बक्षीस परत जाईल.

मिलिंद भडकला, पण आवाज न चढवता. "मॅडम, इथलं म्हणून लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं का? तिकडचं समजले म्हणून तर लोकांना वाईट वाटलं. राहू द्या ना आता. तिचं एक नाव झालंय, तेवढं तरी राहू द्या."

मला त्याचं म्हणणं पटत होतं. खरं सांगते, त्या क्षणी कौसल्याबाईंनी होकाराची मान डोलावली असती तर मी तोंड मिटून पुण्याला परतले असते.

त्या उठल्या, चला म्हणाल्या. वस्तीच्या मागून आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. पाणी गढूळ, घोट्याच्या वर. पलीकडे उंचवट्यावर मातीचे ढीग आणि एक पत्र्याची शेड. आता कोणी अडवत नाही, मिलिंद सांगत होता, पण लोक दारात येतात अजून, म्हणून आम्हीच जात नाही. कौसल्याबाईंनी पलीकडे बोट दाखवलं.

"सुजीला बी ह्याच वाटंनं नेलं. गाडी वेशीवर थांबवली डायवरनं. एवढी शिकली, इमानात बसली, आन् नेली इथूनच."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ज्यांच्या घरी ती वरीसभर जेवली त्यांच्यावर आमच्या गावाचं पाप कामून घालायलात? त्यांनी तिला परकं मानलं न्हाई. कळवा तुमी. पण चूक कुणाची, तेबी लिवा. माही लेक खोटी पडली न्हाई पाहिजे."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"मग तसंच लिवा."

मिलिंदनं एकच मागणं केलं. गावाचं नाव छापू नका, तुम्ही उद्या जाल, आम्हाला इथंच राहायचंय. म्हणून इथेही मी ते नाव लिहिलेलं नाही.

पाटी त्यांनी ठेवून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तेच खोकं घेऊन मी परत निघाले. गाडीत पत्राचा मसुदा केला. 'टिपणांची मांडणी करताना काही गफलत झाली' असं पहिलं वाक्य हातून आपोआप उतरलं. असली वाक्यं लिहिण्यात आम्ही पटाईत. ते खोडलं आणि लिहिलं, 'ही चूक मी केली.' मनमाड येईपर्यंत पुढचं वाक्य सुचलं नाही.

संस्थेचं उत्तर सभ्य होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, सन्मान मागे, पुढच्या आवृत्तीत नववं प्रकरण गाळावं. ते इथलं म्हणून त्यांच्या नियतकालिकात छापाल का, असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी लिहिलं की त्यांचा विषय फक्त आफ्रिका आहे. मग ते प्रकरण इकडच्या दोन नियतकालिकांकडे पाठवलं. एकानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं कळवलं की यात नवीन काही नाही.

मी कौसल्याबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. सुजाताचा दोष नाही हे संस्थेनं लेखी दिलंय, हेही सांगितलं.

"त्या लोकांवरचा आळ गेला ना?"

"गेला."

"आन् आमचं कुठं छापणार?"

कुठेच नाही, असं मला सांगावं लागलं. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"आयकू यायलंय," त्या म्हणाल्या. "म्हंजे म्हातारीला पुन्हा बाहेरच्या बाहेरच काढलं म्हना."

त्यानंतर बसून मी हा प्रवास लिहून काढला. त्यांना द्यायला याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.