भाऊ अजून विहिरीतच आहे

"मॅडम, भाऊ अजून विहिरीतच आहे."

मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या ऑफिसात सकाळी साडेसातला हे वाक्य कानावर आलं, की समजायचं, सर आपल्या टेबलापाशी येऊन उभे आहेत. गुड मॉर्निंग नाही, नमस्कार नाही. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि आवाज असा, की जणू खरंच कुणी पाण्यात गटांगळ्या खातंय आणि मी इथे चहात बिस्कीट बुडवत बसलेय. आमच्या नव्या रिसेप्शनिस्टला कुणीतरी या वाक्याचं हिंदी करून सांगितलं, तर ती बिचारी घाबरून "पुलिस को फोन किया क्या?" असं विचारायला आली होती.

हा भाऊ माझाच, म्हणजे मी लिहिलेला. मोबाइलवर कथा वाचायच्या एका ॲपवर मी भुताखेतांची मालिका लिहीत होते, दर आठवड्याला एक भाग. कोकणातलं एक गाव, गावात एक विहीर. ती विहीर दर बारा वर्षांनी एक माणूस घेते आणि आधी घेतलेला एक परत देते. पहिल्याच भागात नायिकेचा धाकटा भाऊ विहिरीत जातो आणि त्याच्या जागी एक म्हातारा बाहेर येतो, ज्याला गावात कुणीच ओळखत नाही. मग नायिका भावाला सोडवायला निघते. सुरुवात झकास होती. हे माझं मी म्हणत नाही, ते म्हणायचे. पुढच्या भागांबद्दल ते काय म्हणायचे, ते येईलच.

ते आमच्याकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कंत्राटदाराकडून आलेलं प्रत्येक ड्रॉइंग आधी त्यांच्या टेबलावर जायचं. तिथे शिक्का, नंबर, नोंद, आणि मग ते आम्हा इंजिनिअरांकडे. आमचे शेरे गोळा करून ते त्यावर कोड टाकत. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, सी म्हणजे सुधारून पुन्हा आणा, आणि डी म्हणजे नामंजूर, तोंड दाखवू नका. शेऱ्याला उत्तर मिळालं नाही, तर तो शेरा 'ओपन' राहतो, आणि शेरा ओपन असेपर्यंत त्यांच्या टेबलावरून कागद हलत नसे, मग प्रत्यक्ष अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, समोर येऊन उभा राहो. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेलच. सगळे त्याच्यावर वैतागतात, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचं काम अडतं.

आमची ओळख माझ्या चोरीतून झाली. मालिकेचा तिसरा भाग मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापला आणि उचलायला विसरले. तो ड्रेनेजच्या ड्रॉइंगांबरोबर त्यांच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर परत आला, तेव्हा त्यावर आवक-शिक्का होता, नंबर होता आणि एक पिवळी चिठ्ठी होती. "कोड बी. विहीर दर बारा वर्षांनी माणूस घेते, तर म्हाताऱ्याच्या वयाचा मेळ बसत नाही. खुलासा करावा. भाग १ व २ सादर करावेत." हसावं की राजीनामा द्यावा, मला कळेना. शेवटी मी भाग एक आणि दोन सादर केले.

ते चंद्रपूरकडचे, बौद्ध घरातले. भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "भूत नसतं, हे मला शंभर टक्के माहीत आहे," ते मला पॅन्ट्रीत म्हणाले, "पण असलंच, तर त्यानं नियमानं वागायला नको? नियमच नसले तर भीती कशाची वाटणार जी?" लिहिण्याबद्दल इतकं शहाणपणाचं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी माझ्या मालिकेचा एक तक्ताच केला होता. ओपन शेरा एक, भाऊ. ओपन शेरा दोन, पुजाऱ्याला सावली का नाही. ओपन शेरा तीन, आजीनं उंबऱ्याखाली पुरलेली कात्री.

एवढी तळमळ कशासाठी, हे मला महिन्याभरानं कळलं. त्यांना चौदा वर्षांची मुलगी होती, मैत्री. जन्मापासून मस्कतमध्ये. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत इंग्रजी, शेजाऱ्यांशी हिंदी. चंद्रपूरच्या आजीशी फोनवर बोलायला तिच्याकडे मोजून तीन वाक्यं होती. "आजी कशी आहेस? मी बरी आहे. बाबांना देते." बाकी सगळं बाबांना देते. "माझ्या आईला नात फोटोत आहे, मॅडम," ते म्हणाले, "बोलायला नाही." त्यांनी मराठीची पुस्तकं आणून पाहिली, रागावून पाहिलं. मैत्री कानात इअरफोन घालून मोकळी.

मग माझी विहीर सापडली. सकाळी हमरियातल्या घरातून ट्रॅफिकच्या आधी निघायचं म्हणून ते दोघं शाळेला पंधरा-वीस मिनिटं लवकर पोचत. शाळेबाहेर कडुनिंबाखाली गाडी लावून, एसी चालू ठेवून ते तिला माझा भाग मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या भागाला तिनं एका कानातला इअरफोन काढला. चौथ्याला दोन्ही. सहाव्या भागाला तिनं मराठीत विचारलं, "बाबा, म्हातारा पाण्यात काय खात होता?" हे सांगायला ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता, आणि ते तो उगाच पुसत होते.

आणि इथेच मी माती खाल्ली.

नवव्या भागात मी एक समंध आणला. भुतांमध्ये मोठा मानाचा. पण माझा समंध तरुण होता, घाऱ्या डोळ्यांचा, रुंद खांद्यांचा, आणि त्याला नायिकेच्या केसांचा वास आवडायचा. ॲपवर लाइकच्या लाल बदामांचा पाऊस पडला. "ताई, दोघांना लवकर एकत्र आणा ना!" मी आणलं. दहाव्या भागात ते एकमेकांकडे बघत राहिले. अकराव्यात चांदणं पडलं. बाराव्यात गैरसमज, तेराव्यात रुसवा, चौदाव्यात पुन्हा बघणं. पुजारी, कात्री, म्हातारा, सगळे कुठल्या कुठे गेले. भाऊ तर माझ्या लक्षातही नव्हता. वाचक वाढत होते, मी हवेत होते.

खरं कारण आणखी एक होतं, तेही सांगते. माझ्या नवऱ्याची तेव्हा मस्कतपासून दोन तासांवरच्या इब्र्याच्या साइटवर बदली झाली होती. तो गुरुवारी संध्याकाळी दमून यायचा, शुक्रवारी झोपायचा आणि शनिवारी परत जायचा. घारे डोळे वगैरे त्याचे नाहीत, पण बाकीचं कुठून येत होतं, ते मला ठाऊक होतं.

कडुनिंबाखालच्या गाडीत मात्र पंचाईत झाली. चौदा वर्षांच्या मुलीसमोर बाप हे वाचणार कसं? ते चाळत पुढे जायचे. "मग... मग त्या दोघांचं थोडं बोलणं झालं," म्हणायचे आणि पान उलटायचे. पुढच्या पानावरही बोलणंच चाललेलं. पंधरा मिनिटांचा भाग दोन मिनिटांत संपायला लागला. उरलेल्या तेरा मिनिटांत मैत्रीचे इअरफोन हळूहळू कानात परत गेले. पिवळ्या चिठ्ठ्यांवर बीचं सी झालं, आणि चौदाव्या भागाला डी. खाली एकच ओळ. "यात काहीही घडलेले नाही."

मी चिडले. त्यांना पॅन्ट्रीत गाठलं. "सर, साडेपाच हजार लोकांना आवडतंय. तुम्हाला एकट्याला नाही."

ते शांतपणे कपात साखर ढवळत राहिले. "मॅडम, चौदावा भाग चांगलाच आहे. पण ती गोष्ट नाही. ते पत्र आहे कोणाला तरी लिहिलेलं. ज्याचं आहे, त्याला देऊन टाका." मग आवाज जरा चढला. "आणि आम्हाला आमचा भाऊ द्या! काहून त्या पोराला बुडवून ठेवलंय चौदा आठवडे?"

मी चहा तिथेच ठेवून निघून आले. पुढचे पंधरा दिवस आम्ही फक्त ड्रॉइंगबद्दल बोललो. राग यासाठी, की ते बरोबर बोलले होते आणि एक शब्द चावट बोलले नव्हते.

एका शुक्रवारी हमरियातल्या किराणा दुकानात मी पोहे घेत होते. मागून कुणीतरी "आंटी" म्हणालं. मैत्री. बाबा बाहेर पार्किंग शोधत होते, आणि हमरियात पार्किंग शोधणं म्हणजे अर्धा तास निश्चिंती. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा जे पार्ट स्किप करतात ना, ते मी वाचले. सगळे."

"तुला मराठी वाचता येतं?"

"हिंदी येतं ना. सेम लेटर्स. फक्त तो 'ळ' मला आधी आठचा आकडा वाटला. पहिल्या दिवशी एक पेज वाचायला एक तास लागला." मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली. बापानं जे लपवलं, ते शोधायला पोरगी मराठी वाचायला शिकली होती. माझ्या घाऱ्या समंधानं निदान एक तरी पुण्याचं काम केलं, असं वाटून मी जरा फुललेही. तेवढ्यात ती म्हणाली, "बट आंटी, त्यात काहीच नाहीये. नुसते बघतात. किती बघणार? त्याचा भाऊ... सॉरी, तिचा भाऊ मरेल ना!"

मी खरं ते कबूल केलं. भावाला विहिरीतून काढायचं कसं, हे मलाच सुचत नव्हतं. वरून काढला तर विहिरीचा नियम मोडतो. नियम मोडला तर तुझे बाबा मला सोडणार नाहीत.

मैत्री माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी अगदीच ढ आहे. "वरून कशाला? विहिरीच्या खालून टनेल असतो ना. पाणी चालत चालत गावात येतं. तो पण तिकडून येईल."

मला क्षणभर कळेना. मग डोक्यात उजेड पडला. ही ओमानची मुलगी. शाळेच्या सहलीत हिनं इब्र्याला फलज पाहिला होता. डोंगराशी एक मूळ विहीर, तिथून जमिनीखालून कोरलेला पाट, आणि कोसभर लांब खजुरांच्या बागेत उघड्यावर येणारं पाणी. हिच्या लेखी विहीर म्हणजे तेच. तळाला दार नसलेली, नुसता रहाट लावलेली आमची कोकणातली विहीर हिनं कधी बघितलीच नव्हती. मी तिची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

पुढच्या गुरुवारी नवरा यायची वाट न बघता मीच इब्र्याला गेले. संध्याकाळी आम्ही फलजच्या कडेनं चाललो, पाण्यात पाय सोडून बसलो. मी त्याला चौदावा भाग वाचून दाखवला. शनिवारी तो मस्कतला मला सोडायला आला आणि रविवारी पहाटे उठून परत गेला. बाकीचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

मग मी तीन भाग एका दमात लिहिले. विहिरीच्या तळाशी विसरलेला पाट होता. म्हातारा त्यातूनच चालत आला होता, आणि अंधारात चालताना त्याचं वय वाढलं नव्हतं, त्यामुळे त्याचा हिशेबही जुळला. समंध त्या पाटाचा राखणदार निघाला, पुजाऱ्याची सावली त्या पाटातच राहून गेली होती, आणि आजीची कात्री पाटाचं दार उघडायच्या कामी आली. नायिकेनं त्याचे डोळे सोडून त्याच्या हातातला कंदील मागितला, आणि भाऊ गावाबाहेरच्या बागेत ओलाचिंब बाहेर आला. बदाम निम्म्यावर आले. एका ताईंनी तर 'फसवणूक' असं लिहिलं.

पिवळी चिठ्ठी आली. "कोड बी. कोकणात फलज नसतो. तरी शेरा क्रमांक एक, दोन व तीन बंद करण्यात येत आहेत." खाली, शिक्क्याच्या बाहेर, पेन्सिलनं लिहिलं होतं, "गाडीत टाळ्या वाजल्या." ए त्यांनी मला कधीच दिला नाही. ए दिला की माणूस काम थांबवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मैत्रीची दहावी झाली, प्रकल्प संपला, आणि ते कुटुंब चंद्रपूरला परत गेलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. "यल्ला मॅडम, खलास," म्हणजे चला, संपलं, एवढंच म्हणाले, टेबलाला कुलूप लावलं, आणि चावी देताना ती मिळाल्याची माझी सही घेतली. आता तिथे एक सॉफ्टवेअर आहे. ते कुठलाही कागद न वाचता पुढे जाऊ देतं. मी नवी मालिका लिहितेय, आणि प्रत्येक भागाखाली माझी मीच विचारते, यात काही घडलं का? हे त्यांचं देणं आहे. ते समोर असताना मी त्यांना कधी 'थँक यू' म्हटलं नाही, म्हणून इथे म्हणते. सर, माझी गोष्ट तुम्ही वाचवलीत, आणि पत्रही योग्य पत्त्यावर गेलं.

गेल्या आठवड्यात मैत्रीनं एक व्हॉइस मेसेज पाठवला. वर मराठीत लिहिलं होतं, "आंटी, आजीला रोज एक भाग वाचून दाखवते. आज नववा. ऐका." मी ऐकायला लागले. मैत्री वाचतेय, अडखळत, पण थांबत नाहीये. समंध येतो. त्याचे घारे डोळे येतात. तो नायिकेच्या केसांपाशी येतो, आणि मैत्रीचा आवाज बारीक होत होत बंद पडतो. मागे कुणीतरी खाकरतं. "मी... मी जरा पाण्याची मोटर बघून येतो," माझ्या ओळखीचा आवाज म्हणतो. चपला वाजत लांब जातात, दार लागतं.

मग आजीचा म्हातारा, पण खणखणीत आवाज.

"गेला का तो? वाच आता. काहून थांबली?"