वहिनींचे दीडशे वर्षांचे मणी

ओमानमधल्या निझव्यात आम्ही मराठी घरं जेमतेम सहा. त्यातलं सगळ्यात मोठं माझ्या नवऱ्याच्या मॅनेजरचं, आणि त्या घरात शब्द चाले तो त्यांच्या बायकोचा. त्यांना आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. वहिनींना जुन्या वस्तूंचा नाद. वस्तू किती जुनी हे त्यांना दुकानदाराच्या आवाजावरून कळायचं.

मला तिथे जाणकार मानत, त्याला कारण एक कॉफीची किटली. वहिनींनी ती ‘खास ओमानी, शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणून सगळ्यांच्या हातांतून फिरवली. मी सहज उलटी केली, तर बुडाशी मुरादाबादचा शिक्का. मी तो मोठ्यानं वाचला. तेव्हापासून वहिनी माझ्याशी फार गोड बोलत.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्राच्या वर तळहाताएवढी एक मण्यांची पट्टी होती. पांढऱ्यावर लाल, हिरवे, काळे त्रिकोण.

“झुलू आहे, साउथ आफ्रिकेचं,” वहिनी म्हणाल्या. “सूकमधल्या, जुन्या बाजारातल्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतलं. त्याच्या आजोबांनी झांझिबारहून आणलेलं. दीडशे वर्षं, वल्ला, अगदी शपथेवर म्हणाला तो.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू सांग गं खरं वय. तुला कळतं ना त्यातलं.”

मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. पण पाच घरच्या बायका बघत असताना तसं कबूल करायला जे धैर्य लागतं, ते माझ्याकडे नाही. “आठ दिवस द्या,” मी म्हटलं.

आठ दिवस मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, तिथलं भिंग पर्समध्ये टाकून वहिनींकडे गेले. पट्टीच्या कडेला मला चकचकीत दोरा दिसला.

“नायलॉन!” मी जवळजवळ ओरडलेच. “वहिनी, हे दीडशे नाही, दीड वर्षाचंसुद्धा नसेल.”

पुढचा चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसातून आला. जेवताना म्हणाला, “साहेब विचारत होते, तुझ्या बायकोला बराच मोकळा वेळ असतो का. आणि म्हणाले, दुक्मला एक जागा रिकामी आहे.”

दुक्म म्हणजे रिफायनरी, बंदर, वारा आणि कंत्राटावरचे पुरुष. नायलॉनचा एक धागा आम्हाला तिथवर ओढत नेणार हे मला उमगलं.

तेव्हा कुठे मला आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. डर्बनपासून आतल्या एका खेड्यातल्या, जन्मानं झुलू. माझ्याच लायब्ररीत, माझ्या समोरच्या टेबलावर बसून पेपर तपासायच्या. झुलू मण्यांचा अभ्यास करताना आठ दिवसांत त्यांना विचारावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्यांना मी वहिनींकडे घेऊन गेले. त्यांनी पट्टी आधी उलटी करून मागची बाजू पाहिली. मग एक एक मणी ओठाला लावला.

“हा काचेचा, थंड लागतो. हा हिरवा बघा, प्लॅस्टिकचा.” मग त्यांनी मला कड दाखवली. “नायलॉन फक्त इथे आहे. ही डागडुजी आहे. आतली सगळी वीण सुती दोऱ्याची. फाटलं की हाताला लागेल तो दोरा घेतात. तुम्ही नाही घेत?”

मी भिंग पर्समध्ये ठेवलं.

“पण प्लॅस्टिकचे मणी त्या जुन्या सुती दोऱ्यातच ओवलेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आमच्याकडच्या दुकानांत प्लॅस्टिक आल्यानंतरचं हे काम. पन्नास, फार तर साठ वर्षं. माझ्या आईच्या लहानपणचं.”

“फक्त पन्नास?” वहिनींचा चेहरा पडला. त्यांची स्वतःची पन्नाशी आम्ही गेल्याच वर्षी तीन मजली केक कापून साजरी केली होती, आणि तेव्हा पन्नास म्हणजे काहीच नाही असं सगळ्यांचं एकमत झालं होतं.

“आणि हे गळ्यात नाही घालत,” बाई संकोचून म्हणाल्या. “मुली कमरेला बांधतात. पुढच्या बाजूला. झाकायला.”

हळदीकुंकवाचे फोटो ग्रुपवर पडून पंधरा दिवस झाले होते. पहिला फोटो वहिनींचा, गळ्यापासून वरचा, पट्टीसकट.

बाईंनी पट्टीचा फोटो काढून आईला पाठवला. तिचा फोन लगेच आला. त्या आपल्या भाषेत थोडं बोलल्या आणि आमच्याकडे वळल्या. “आई म्हणते, ही नक्षी आमच्या पलीकडच्या खोऱ्यातली. जिची असेल ती बाई आज आईच्याच वयाची असेल. तिनं हे का दिलं असेल, असं विचारतेय.”

वहिनींनी चिवड्याची बशी पुढे सरकवली.

आता ती पट्टी वहिनींच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत आहे. वर छोटा दिवा, खाली पितळी पाटी: ‘झुलू मणीकाम, सुमारे दीडशे वर्षे’. दुक्मची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. नवीन पाहुणे आले की वहिनी मला बोलावतात आणि विचारतात, “काय गं, तू तर तपासलंयस ना?”

“हो,” मी म्हणते, “चांगलंच जुनं आहे.”

परवा बाईंनी पेपर तपासता तपासता विचारलं, पट्टीच्या चौकटीखाली वय काय लिहिलंय. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.