माझ्या सीटवर साहेबाची बायको

लोहगाव विमानतळाच्या दारात साहेबानं माझ्या हातातलं तिकीट काढून घेतलं.

"हे रद्द केलंय. मिसेस येतायत माझ्याबरोबर. तू दौंडहून मद्रासची गाडी धर. तुला तेच जवळ पडेल."

माझ्यामागं आबा उभे. माझे वडील. डोक्याला नवा फेटा, खांद्यावर माझी बॅग. ट्रॉलीला पैसे पडत असतील म्हणून खांद्यावरच घेतलेली. आई होती, चुलती होती. लेक विमानात बसणार म्हणून आमच्या राहू गावाहून जीप करून आलेली.

आबांनी हात जोडले. "साहेब, पोरगी लई आशेनं आलीय."

साहेबानं त्यांच्या फेट्याकडं बघितलं. "मेंढरामागं चालणाऱ्यांना विमानाची घाई कशाला?"

शेजारी उभी त्याची बायको हसली. दोघं आत गेले.

आम्ही धनगर. आज्जा मेंढरं घेऊन हिंडायचा. आबांनी ऊस लावला, मला बी.कॉम. केलं. शिरूरजवळच्या कारखान्यात मी ऑफिसला होते. कंपनीचं डिझेल, कामगारांच्या बसचं भाडं, सगळ्यांची तिकिटं, सारं साहेबाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर. पैसे कंपनी त्याला परत द्यायची. खर्चावर बँक देते ते पॉइंट मात्र त्याच्या नावावर. ते कुठं घालायचे हे मी बघायचे. मिक्सर-घड्याळात घातले तर मातीमोल. सणासुदीला भाडं चढतं तवाची विमानाची सीट आधीच धरून ठेवली, तर सोनं. कार्डवाल्यांचा फोन कानाला लावून तासन् तास बसायचे मी. त्याची पोरं गोव्याला गेली, सिंगापूरला गेली.

बायकोचं तिकीट मात्र त्यानं गुपचूप स्वतः काढलं. पॉइंटवर. विमान भरलेलं, म्हणून आधी माझं रद्द केलं, त्या तिकिटाचे पैसे त्याच्याच कार्डावर परत.

चेन्नईला कंपनीचं ट्रेनिंग होतं. जायलाच पाहिजे होतं. दौंडला जनरल डब्यात चढले. संडासाच्या दाराशी बसून गेले. रडले न्हाई.

परत आले तर कळलं, आबांनी गावात सांगितलेलं, "पोरीचं विमानच रद्द झालं." उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस.

तिथं माझं डोकं फिरलं.

सोमवारी साहेबानं प्रवासखर्चाचं बिल पुढं सरकवलं. त्यावर माझ्या रद्द केलेल्या तिकिटाचं भाडं, कंपनीकडनं परत एकदा घ्यायला.

"सही कर."

"मी रेल्वेनं गेले, साहेब."

"पोचलीस ना? कर."

"न्हाई करत."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

बिल उचललं, रेल्वेचं तिकीट घेतलं, सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. पॉइंटचंबी सांगितलं, कितीक वर्षांचं. मालकांना माझ्या आबांचं काही पडलं नव्हतं. आपल्या पैशावर दुसरा उडाला, हे त्यांना झोंबलं. झोंबू दे. मला तेवढंच पाहिजे होतं.

साहेबाला राजीनामा द्यायला लावला. तो खोकं उचलून गेटातून गेला तवा मी खिडकीत उभी राहिले. मुद्दाम. त्यानं वर बघितलं. मी नजर काढली न्हाई. पोट भरून बघितलं.

पुढं माझं स्वतःचं कार्ड झालं. भावाचं खत, चुलत्याची पाण्याची मोटार, घरातलं सगळं त्यावर. बिल मुदतीत, व्याज कवाच न्हाई. एकबी पॉइंट मिक्सरवर घातला न्हाई. तीन तिकिटांपुरते साठले तवा आबांना म्हणलं, "चला, चेन्नईला जाऊ."

आबांनी डोक्यावरचा फेटा उतरवून ठेवला. मग म्हणाले, "त्या दारात मी परत न्हाई यायचो."

आई आली. आबा आले न्हाईत. शेवटपर्यंत आले न्हाईत. ते देणं कुठल्या पॉइंटात बसतं?

गेल्या महिन्यात साहेबाचा फोन आला. आवाज मऊ. "अहो, तुमच्याकडं एक जागा निघालीय म्हणे. जुनं सोडून द्या. मालकांकडं माझ्यासाठी शब्द टाका."

"टाकते की," मी म्हणलं. "तुम्ही माझ्या बापाला काय बोलला, ते शब्दाला शब्द टाकते."

फोन ठेवला. तशीच मालकांकडं गेले आन् सांगितलं.

तो दुसरीकडं अर्ज करील. तिथं माझ्या ओळखीचं कुणी असलं, तर तिथंबी सांगीन. लोक म्हणतात, झालं गेलं, आता माफ कर. करणार न्हाई. मी विसरायला बसलेलीच न्हाई.