आमच्या गल्लीत दवंडी झाली नाही

परदेशी फौजेच्या मोठ्या साहेबाबरोबर माझा फोटो आहे, अख्ख्या साक्री तालुक्यात असा फोटो दुसऱ्या कोणाचा नसेल. त्या फोटोत मी माझ्याच चपला डोक्यावर घेऊन उभा आहे.

आणि हसतोय. पानाने लाल झालेले दात सगळे दिसतात.

शाळेचं मैदान होतं. मंडप टाकलेला. आपल्या फौजेचे साहेब आणि त्यांच्या फौजेचे साहेब खुर्च्यांवर, खुर्च्यांखाली लाल सतरंजी. तहसील कचेरीतले साहेब पण सतरंजीवर. आमचे सरपंच, ज्यांना गाव नाना म्हणतं, ते पण. मी सतरंजीच्या खाली, धुळीत. गळ्यात डफडं. डोक्यावर शाळेच्या नाटकातला फेटा. पोरांच्या मापाचा. तो काही बसेना, मग नुसता टेकवला.

गोऱ्या साहेबाने माझ्याकडे बोट केलं. नाना म्हणाले, "हा आमचा दवंडीवाला. लई हसवतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, तुझ्या आजाचं दाखव ना. आमच्या दारावरून कसा जायचा तो. चपलांचं."

सगळ्या गावाला ठाऊक होतं काय दाखवायचं ते. आमचा आजा गावातून जाताना चपला डोक्यावर घ्यायचा. घ्याव्या लागायच्या.

मी चपला काढल्या. टेकवलेला फेटा काढला आणि त्या डोक्यावर ठेवल्या. मान खाली घातली, पाय घासत नानांच्या खुर्चीसमोरून गेलो आणि म्हणालो, "जोहार मायबाप." मंडप हसला. मी परत आलो, परत गेलो. दुसऱ्या खेपेला आणखी वाकलो.

गोऱ्या साहेबाने काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "पूछ रहे हैं, ये क्या है?"

तहसीलचे साहेब म्हणाले, "कुछ नहीं सर, कॉमेडी है. लोककला."

गोरा उठला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. फोटो निघाला.

तुम्ही म्हणाल, हा गडी आहेच असा. खरं आहे. धुळ्याच्या एका बँडमधे मी ढोल वाजवतो. वाजवतो कमी, नाचतो जास्त. नवरदेवाच्या घोड्यापुढे बाई होऊन लोळणारा तो मीच. शाळेत गेलो नाही, म्हणजे एकदा गेलो होतो, मास्तरने म्हैस शोधायला पाठवलं, म्हैस सापडली पण मी परत गेलो नाही. हसवणं एवढंच येतं. मला वाटायचं, हसलेला माणूस मारत नाही.

पण त्या दिवशी माझं एक काम अडलं होतं. तहसीलच्या साहेबाला खूश करायचं होतं. यमुनाअक्काच्या बकऱ्यांसाठी.

ते सांगतो.

आमचं गाव पिंपळनेरहून पुढे, डोंगराला टेकलेलं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला फौजेचा गोळीबाराचा सराव चालतो, तो माझ्या लहानपणापासून. वर्षातून दोन-चार दिवस. दवंडी व्हायची, त्या दिवसात कोणी गुरं वर न्यायचं नाही. सवय होती. कोणाचं काही गेलं नव्हतं.

यंदा तहसीलचे साहेब जीपने आले. मला चावडीवर बोलावलं. म्हणाले, "नीट ऐक. आपल्या देशाचा आणि त्या देशाचा करार झालाय. संरक्षण सहकार्य. दिल्लीत कायदा झालाय त्याच्यासाठी. त्यांची फौज आपल्या फौजेबरोबर सराव करणार. दोन दिवस नाही, महिनाभर. आणि पलीकडचा नाही, अख्खा डोंगर बंद."

सहकार्य हा शब्द मला लग्नाच्या पत्रिकेतला माहीत. मी तसं बोललो पण. साहेब हसले नाहीत.

म्हणाले, "दवंडी पिटल्यावर जो डोंगरात जाईल, त्याचं काही झालं तर भरपाई नाही. कायद्यात स्पष्ट आहे. डफ वाजवून गावाला कळवायचं, मग आपली जबाबदारी संपली."

मला बरं वाटलं. दिल्लीच्या कायद्यात माझं डफडं. मी छाती काढून निघालो.

आमच्याकडे दवंडीची वाट ठरलेली असते. मारुतीच्या पारापासून सुरू. मग नानांची गल्ली, मग बाजारपेठ, मग वेस. वेशीवर शेवटची टिपरी आणि खलास. वेशीच्या बाहेर आमची गल्ली. तिथं डफडं वाजत नाही. कधीच वाजलं नाही. माझ्या बापाच्या वेळी नाही, आजाच्या वेळी नाही. गावाला वर्दी द्यायला आम्ही, आम्हाला वर्दी द्यायला कोण? वाजवणाऱ्याने घरी जाऊन तोंडाने सांगायचं, झालं.

मी वेशीजवळ साहेबांना विचारलं, "पुढे जाऊ का?"

ते जीपमधे बसले होते. म्हणाले, "तिकडे गाडी जात नाही. तुझीच माणसं ना? सांग घरी गेल्यावर."

मी घरी गेलो. डफडं खुंटीला टांगलं. आणि गल्लीत जाऊन सांगितलं. खरंच सांगितलं. दारोदार सांगितलं. गोरे लोक येणार, तोफा आणणार, महिनाभर डोंगर बंद.

गल्ली हसायला लागली.

यमुनाअक्का दारात बसून बकरीच्या पायातला काटा काढत होती. माझ्या आईच्या वयाची. नवरा गेला, पोरगी सुरतला दिलेली. घरात माणूस नाही, बकऱ्याच. दूध त्यांचं, बोकड विकून वर्ष काढायचं. मी सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, "तुना लगीनमा भी गोरा येणार व्हतात ना रे?"

मी म्हणालो, "अक्का, मजाक नही. खरं शे."

"तू खरं बोलस तव्हय माले जास्त हासू येस," म्हणाली.

आणि मी पण हसलो. सवय. कोणी हसलं की मी आधी हसतो. ती हसली, मी हसलो, गोष्ट संपली. डफडं खुंटीला होतं. दहा पावलांवर. काढून गल्लीत वाजवावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या गल्लीत वाजत नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का बकऱ्या घेऊन वर गेली.

आवाज झाला तेव्हा मी धुळ्याच्या गाडीची वाट बघत फाट्यावर होतो. पहिला आवाज. मग एकामागून एक. फाट्यावरच्या टपरीतले ग्लास थरथरले. लोक म्हणाले, काय जोरात चाललंय यंदा. मी डोंगराकडे पळालो. पोटावर ढोल घेऊन पळणारा माणूस बघून लोक हसले.

अक्का ओढ्यात सापडली. जिवंत. कानातून रक्त. बकऱ्या फुटून चारी दिशांना गेल्या होत्या. काही कड्यावरून खाली पडल्या. काही तिथंच, जिथं गोळा पडला तिथं. एक गाभण होती. जी उरली ती दोन दिवसांनी आपली आपण घरी आली, आणि अजून भांडं पडलं तरी मुतते.

अक्का मला ओळखत होती, पण माझं ऐकू येत नव्हतं तिला. मी बोलत होतो, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मन्या बकऱ्या कोठे शेतस?"

मला विनोद सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

भरपाईचा अर्ज केला. साहेब म्हणाले, दवंडी झाली होती, बाई नंतर गेली, कायद्यात बसत नाही. मी हात जोडले. ते म्हणाले, "बघू. सरावाच्या शेवटी पाहुण्यांचा कार्यक्रम आहे शाळेत. तू ये. डफ घेऊन. जरा रंगत आण. मग बघू."

मग बघू. त्या दोन शब्दांवर मी चपला डोक्यावर घेतल्या.

आता परत मैदानात या.

फोटो झाला. गोरा साहेब त्याच्या खुर्चीत गेला. तहसीलचे साहेब डोळे पुसत होते, इतके हसले होते. मला वाटलं, जमलं. मी चपला डोक्यावरच ठेवून त्यांच्याजवळ गेलो, सतरंजीच्या काठापर्यंत. हळूच म्हणालो, "साहेब, अक्काच्या बकऱ्यांचं."

"हो हो," म्हणाले. तलाठ्याला हाक मारली. "याचा अंगठा घ्या."

तलाठ्याने कागद काढला. मी विचारलं, कशाचा? तलाठी भला माणूस, वाचून दाखवलं त्याने. सरावाआधी संपूर्ण गावात, सर्व वस्त्यांसह, डफ वाजवून दवंडी दिली. त्यानंतर सदर बाई स्वतःच्या जबाबदारीवर डोंगरात गेली. सबब भरपाई देय नाही.

मला सबब कळलं नाही. बाकी कळलं.

साहेब म्हणाले, "कर अंगठा. वरून विचारतात, पाहुण्या देशाचा मामला आहे. फाइल बंद झाली पाहिजे."

मी वर बघितलं. नळाजवळ आमच्या गल्लीच्या बायका उभ्या होत्या. अक्का त्यांच्यात होती. कानाला कापूस. तिला मंडपातला एक शब्द ऐकू आला नसणार. माझं जोहार नाही, हसणं नाही. तिने नुसतं बघितलं होतं. तिच्या बकऱ्यांसाठी आलेला माणूस नानांच्या खुर्चीपुढून चपला डोक्यावर घेऊन दोनदा गेला. आवाजाशिवाय ते कसं दिसलं असेल? हसणं काढून टाका, मग काय उरतं? आजा उरतो.

 मानेवर चपलांची माती पडत होती, ती तेव्हा मला लागली.

मी चपला डोक्यावरून उतरवल्या. पायात घातल्या. सतरंजीवर चढलो. नाना म्हणाले, "अरे अरे, चपला."

मी म्हणालो, "साहेब, आमच्या गल्लीत दवंडी झाली नाही."

साहेबांना वाटलं मी अजून खेळ करतोय. हसले. मी नाही हसलो. हे फार अवघड गेलं मला, तोंड आपोआप पसरायला बघत होतं. दात दाबून उभा राहिलो.

"तू सांगितलंस ना घरोघरी?"

"सांगितलं. डफड्याशिवाय. माझ्या बोलण्यावर गल्लीतलं कुत्रं भरवसा ठेवत नाही. तुमच्या कायद्यात डफडं लिहिलंय. माझं तोंड नाही लिहिलं."

"तू वेशीवरच का थांबलास?"

"तुमची गाडी पुढे जात नव्हती."

दुभाष्याच्या कानाशी गोरा काहीतरी विचारत होता. दुभाष्याने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "कुछ नहीं, लोकल मैटर." मग मला मराठीत, दातावर दात ठेवून, "सरकारी कामात अडथळा आहे हा. आत जाशील."

नाना म्हणाले, "बापजाद्यांपासून गावाचं खाल्लं, विसरला का रे?"

"खाल्लं ना," मी म्हणालो. "काय काय खाल्लं, ते विसरलो नाही."

डफडं गळ्यातून काढलं आणि त्यांच्या सतरंजीवर ठेवलं. आपटलं नाही. मी काही शूर नाही. मंडपाच्या बाहेर येऊन मी शाळेच्या भिंतीला धरून ओकलो. हे पण लोकांनी बघितलं. एक जण म्हणाला, आजचा खेळ भारी झाला.

आता मला साक्रीला कचेरीत बोलावलंय. काय होईल ठाऊक नाही. बकऱ्यांची भरपाई मिळालेली नाही. बँडवाल्याने तूर्त येऊ नको म्हणून निरोप धाडलाय, त्याला पण नानांच्या घरची लग्नं वाजवायची असतात. फोटो मोबाइलवर फिरतोय, खाली हसण्याची चित्रं टाकतात लोक. मी रोज एकदा बघतो. बघितलाच पाहिजे.

पण अंगठा देणार नाही. दिल्लीत कोणी कोणाशी हात मिळवायचा, ते त्यांचं त्यांना. त्यासाठी आमचा डोंगर घेणार असाल तर वेशीच्या बाहेर पायी या, आमच्या दारात उभे राहा, आमच्या तोंडाकडे बघून आमच्या बोलीत सांगा. आम्ही नाही म्हणालो तर तेही लिहा. गावाचं डफडं मी परत गळ्यात घालणार नाही. माझ्यानंतर आमच्या गल्लीतलं कोणी घालणार नाही. कोणाला पाहिजे असेल तर सतरंजीवर पडलंय, नानांनी वाजवावं.

हे सगळं मी काल अक्काच्या दारात बसून तिचा एक कान आता जरा उघडलाय, त्या कानात मोठ्याने सांगितलं. साक्रीला गेल्यावर साहेबाला काय काय ऐकवीन, ते पण सांगितलं. हात हलवून, उभा राहून, साहेबाचा आवाज काढून. तिने उरलेल्या बकरीपुढे पाला टाकला. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बकऱ्या मन्या गयात. कचेरीमा मी बोलसू. तू नुसता संगे ये, आनि तोंड उघडू नको."